शिंत्र्यांच्या हॉलमधली शांतता

लग्नकार्यात कोणी "तुम्ही सिनेमात काय करता?" असं विचारलं, की मी "ऐकतो" म्हणून सांगतो. विचारणारा क्षणभर माझ्याकडे बघतो आणि मग मठ्ठ्याची चौकशी करायला निघून जातो. नट असतो तर त्याने बायकोला बोलावून आणलं असतं. कॅमेरामन असतो तर मुलीचे फोटो दाखवले असते. ध्वनिमुद्रकाचं काय करायचं हे आपल्या समाजाचं अजून ठरलेलं नाही. आवाज चांगला असला तर तो कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि बिघडला की मागच्या रांगेतून शिट्टी येते. जन्मभर मला तेवढाच अभिप्राय मिळाला.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून मोठमोठ्या नटनट्यांच्या गोष्टी हव्या होत्या. त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यातली बरीच माणसं अजून ठणठणीत आहेत आणि त्यांचे वकीलही. म्हणून मी अशा एका सिनेमाबद्दल लिहितो, जो जवळजवळ कोणीच पाहिलेला नाही.

पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं. दिवेलागण झाली की चंडीगडचे रुंद रस्ते ओस पडायचे. चौकाचौकात वाळूची पोती आणि पोत्यांमागे बंदुका. रिक्षावर भोंगा लावून माणूस फिरायचा, की लावारिस वस्तूला हात लावू नका, ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी काहीही दिसलं तरी पोलिसांना कळवा. अशा वेळी शहाणा माणूस तिथून निघायचं बघतो. आमच्या दिग्दर्शकांनी तिथं जायचं ठरवलं.

दिग्दर्शकांचं नाव निरंजन. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, शिक्षणाने फार मोठे. "मला हवेतला ताण पकडायचाय," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले. मी म्हटलं, हवेतलं मी पकडीन, पण वाऱ्याचा त्रास होतो. त्यांना तो विनोद वाटला. मी आपला माझ्या धंद्याबद्दल बोलत होतो.

सिनेमा हिंदी होता, पैसे एका सरकारी महामंडळाचे होते. निवृत्त कारकुनाचं कुटुंब. बाप म्हणतो, हे शहर आता राहण्यासारखं नाही, घर विकून निघू. आई म्हणते, मी हलणार नाही. दोन तास दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, शेवटी बाप एकटाच जातो आणि आई रिकाम्या हॉलमध्ये उभी राहते. एवढीच गोष्ट. पटकथेच्या पहिल्या पानावर मात्र तिला 'विघटनाचं महाकाव्य' म्हटलेलं होतं, आणि महामंडळाच्या साहेबांनी बहुधा तेवढंच पान वाचलं असावं.

'लो-बजेट' म्हणजे पैसे कमी, असं लोकांना वाटतं. तसं नाही. लो-बजेट म्हणजे नातेवाईक. निरंजनची एक मावशी चंडीगडला होती, म्हणून शूटिंग चंडीगडला होतं. मावशीचं घर बैठं, लाल विटांचं, मागे छोटं अंगण, अंगणाला फाटक आणि फाटकाबाहेर सेक्टरची बाग. मावशीचे यजमान डॉक्टर शिंत्रे मूळचे सांगलीकडचे, चंडीगडच्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत भूलतज्ज्ञ. मावशी, म्हणजे सुमनकाकू, अमरावतीच्या, एका शाळेत शिकवायच्या. मुलगी गौरी बारावीला. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

पहिल्या दिवशी स्टेशनवरून येताना नाक्यावर आम्हाला अडवलं. जवानाने माझी पेटी उघडायला लावली. आत टेपरेकॉर्डर, वायरींची भेंडोळी, आणि हातभर लांबीचा काळा माइक. ते बघून त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"इसमें क्या भरा है?"

"आवाज़," मी म्हटलं.

"निकाल के दिखाओ."

मी त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि माइक रस्त्यापलीकडच्या पोत्यांकडे वळवला. तिथे त्याचे दोन सोबती शेंगदाणे सोलत गप्पा मारत बसले होते. जवान बराच वेळ गंभीरपणे ऐकत राहिला. मग त्याने हेडफोन काढले, पलीकडे एकदा रोखून बघितलं आणि आम्हाला जायची खूण केली. त्या नाक्यावर आम्हाला पुन्हा कधी अडवलं नाही. ते तिघं जवान मात्र त्यानंतर एकमेकांशी बोलताना मला दिसले नाहीत.

थोडं माझ्या कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा हिंदी सिनेमात शूटिंगच्या वेळी काहीही गोंगाट चालायचा, कारण नट नंतर स्टुडिओत येऊन ओठांशी जुळवून पुन्हा बोलायचे. निरंजनच्या मते तो खोटेपणा होता. शिवाय स्टुडिओला पैसे नव्हते. त्यामुळे आमच्याकडे जागेवर जे बोललं जाईल तेच पडद्यावर जाणार होतं. म्हणजे शॉट चालू असताना घरात दुसरा कसलाही आवाज नको. पंखा बंद, घड्याळ बंद, कुकर बंद, फ्रिज बंद. फ्रिज हा आमच्या जातीचा जुना शत्रू आहे. तो ऐन रडण्याच्या प्रसंगात घरघरतो. तो बंद करायचा आणि नंतर चालू करायला विसरायचं, हे प्रत्येक ध्वनिमुद्रकाच्या हातून एकदा तरी होतं आणि घरमालकीण ते जन्मभर लक्षात ठेवते. त्यावर आमच्यात एक उपाय आहे. फ्रिज बंद करताना आपल्या खोलीची किल्ली त्यात ठेवायची. किल्ली काढल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली काढताना फ्रिज आठवतो. काकूंच्या विरजणाच्या भांड्याशेजारी माझी किल्ली महिनाभर सुखाने राहिली.

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की या घरात आवाज बंद करण्याच्या यादीत आणखी एक गोष्ट घालावी लागणार आहे, आणि तिला बटण नाही.

हॉलमध्ये दिल्लीहून आलेले नट 'मैं यह घर बेच दूँगा' म्हणत होते आणि माझ्या हेडफोनमध्ये त्याच वेळी स्वयंपाकघरातून डॉक्टरांचा आवाज येत होता, "पुण्याच्या हॉस्पिटलवाल्यांना दीड महिन्यात कळवायचं आहे, सुमन." मी हात वर केला. निरंजन वैतागले, आत गेले, "काका, प्लीज, दोन मिनिटं," म्हणाले आणि परत येऊन नटांना सांगू लागले, "ताण येत नाहीये. तुम्हा दोघांमध्ये काहीतरी तुटतंय, हे मला जाणवलं पाहिजे. आयुष्यात कधी असं घर बघितलंय का?"

शिंत्र्यांच्या घरात नेमकं हेच चाललं होतं. डॉक्टरांना पुण्याच्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं आणि त्यांना जायचं होतं. पुण्यात करिअरला वाव आहे, गौरीच्या कॉलेजचं बघता येईल, इकडे काय आहे, असं ते म्हणायचे. काकूंना जायचं नव्हतं. लग्न होऊन त्या या गावात आल्या, इथेच पंजाबी शिकल्या, शाळेत पोरांच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. शेजारचे ग्रेवालजी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सरदारजी, कर्फ्यूत यांच्या घरी दूध आणून द्यायचे. "त्यांना काय सांगू? तुमच्यावर वाईट दिवस आले म्हणून आम्ही चाललो, कारण आमचं करिअर आहे?" असं काकू विचारायच्या. एकदा तर त्यांनी स्वच्छ सांगितलं, "तुम्ही जा. मी अन् गौरी इथंच राहू." त्यानंतर दोघं एका टेबलावर जेवेनासे झाले. गौरी अभ्यासाचं पुस्तक घेऊन गच्चीवर जाऊन बसायची.

निरंजनना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना फक्त आवाजाचा त्रास होत होता.

माणूस कशालाही सरावतो. चार दिवसांत डॉक्टर आणि काकूंनी आपलं भांडण आमच्या वेळापत्रकात बसवून घेतलं. "रोल साउंड" असा पुकारा झाला की स्वयंपाकघर चिडीचूप. "कट" म्हटलं की काकू जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू. "...अन् म्हणून म्हणते, तुम्हाला फक्त स्वतःचं पडलं आहे." नटांना मधल्या चहानंतर आपण कुठे होतो हे आठवत नसे. काकूंची लय मात्र एकदाही चुकली नाही. एकदा शॉट फार लांबला तेव्हा त्या दारातून डोकावून अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं भांडण आटोपलं का? आमचं ओट्यावर तसंच पडून आहे."

मला त्या बाई फार आवडायच्या. सकाळी सगळ्या युनिटला कणकेची वऱ्हाडी उकडपेंडी करून घालायच्या आणि नट मंडळी ती चमच्याने खायला लागली की स्वतः जाऊन चमचे काढून घ्यायच्या. डॉक्टर कमी बोलायचे. ड्यूटीवरून आले की स्कूटर लावून थोडा वेळ तसेच अंगणात उभे राहायचे. इतरांना झोपवणाऱ्या माणसाला स्वतःला नीट झोप लागत नसावी, असं त्यांच्या डोळ्यांवरून वाटायचं. मला त्यांचा जरा रागच होता. चांगल्या बाईला सोडून माणूस पगारासाठी पुण्याला निघतो, असा माझा समज होता.

शूटिंग संपत आलं तेव्हा निरंजनना पक्षी हवे झाले. आई सकाळी खिडकीत उभी आहे आणि बाहेर पक्षी, एवढ्यासाठी. शॉट आधीच झाला होता, नुसता आवाज हवा होता. पक्ष्यांचा आवाज घ्यायचा तर ध्वनिमुद्रकाने तिथे थांबून चालत नाही. आपला श्वास, आपले बूट, आपलं पोट, सगळं माइकमध्ये येतं. म्हणून माइक झाडाला बांधायचा, लांब वायर टाकायची आणि आपण दूर जाऊन बसायचं. मी बागेतल्या बाकामागच्या झुडपात माइक बांधायचं ठरवलं. वायर गवतातून फाटकाखालून अंगणात आणि तिथून मागच्या खोलीत.

प्रश्न वाऱ्याचा होता. परदेशात माइकवर घालायला केसाळ आवरणं मिळतात. आमच्याकडे होतं ते पहिल्याच आठवड्यात फाटलं. मी काकूंना जुना मोजा मागितला. त्यांनी ट्रंक उपसून गौरीची पहिलीतली माकडटोपी काढून दिली. लाल लोकरीची, वर हिरवा गोंडा. माइकला ती अशी बसली, की जणू त्याच्याच मापाची विणली होती. डॉक्टर तेव्हा ड्यूटीवर होते.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तसा मी टोपी घातलेला माइक झुडपात बांधला, खोलीत येऊन हेडफोन लावले आणि डोळे मिटून बसलो. दहशतवादाच्या दिवसांत, रोज लावारिस वस्तूंची दवंडी पिटणाऱ्या शहरात, सार्वजनिक बागेत, बाकामागे, वायर जोडलेली वस्तू ठेवून मी आत येऊन बसलो होतो. यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त वाऱ्याची काळजी होती.

आधी पोपट आले, मग साळुंक्या. मग माणसांची पावलं, फिरायला येणाऱ्यांची. मग पावलं थांबली आणि ग्रेवालजींचा आवाज अगदी कानाशी आला, "ओए, एहदे विच तारां ने." यात तारा आहेत, एवढं मला कळलं. मला वाटलं विजेच्या खांबाचं काहीतरी काम निघालं असेल. मग दुसरा कोणी कुजबुजला, "हत्थ ना लाईं." हात लावू नकोस. बरोबर आहे, विजेच्या तारांना हात लावूच नये. मग पळण्याचे आवाज, लांब शिट्टी, आणि त्यानंतर अशी शांतता पसरली की काय सांगू. माणसाचा मागमूस नाही. लांबवरची स्कूटर नाही. फक्त पक्षी. इतकी स्वच्छ सकाळ मी कधी टेप केली नव्हती. मी मनातल्या मनात सेक्टरवाल्यांना धन्यवाद दिले.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. ग्रेवालजींनी पोलीस बोलावले होते. हवालदाराने दोरी बांधून सगळ्यांना बागेच्या पलीकडच्या टोकाला नेलं होतं. त्या गर्दीत सकाळी फिरायला गेलेले डॉक्टरही होते. लोक बागेत येतात ते पुढच्या दाराने, त्यामुळे आमच्या मागच्या फाटकाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. काकू तेवढ्यात दांडीवर कपडे वाळत घालायला अंगणात आल्या. त्यांना शिट्टी ऐकू आली, गर्दी दिसली, पोलीस दिसले, आणि सगळे ज्याच्याकडे बघत होते तो हिरवा गोंडाही दिसला. त्यांना एका क्षणात उलगडा झाला. त्यांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि फाटक उघडून सरळ बाकाकडे निघाल्या.

मला हेडफोनमध्ये त्यांच्या स्लिपरा ओळखू आल्या. महिनाभर तेच ऐकत होतो. मग लांबून ओरडाआरडा, आणि त्यातून एकाच माणसाची धाव, जवळ जवळ येणारी, कॅनव्हासचे बूट, आणि धाप.

"सुमन, थांब. हात लावू नकोस."

"अहो, काय करून राहिले तुम्ही? गौरीची टोपी आहे ती."

"असू दे टोपी. मागं हो. तू मागं हो, मी बघतो."

"काय बघता? घरातल्या टोपीला काय भ्यायचं?"

मला वाटलं आता भांडण सुरू होणार. मग डॉक्टर म्हणाले, "मला भीती वाटते."

काकूंच्या स्लिपरा एक पाऊल त्यांच्याकडे सरकल्या.

"आज नाही, रोज. तू शाळेला निघालीस की बस वळेपर्यंत मी गच्चीत असतो. गौरीला यायला उशीर झाला की मला दरदरून घाम फुटतो. तिकडं हॉस्पिटलात रोज कुणाला तरी आणतात, गोळ्या लागलेलं. आपलीच पोरं असतात, गौरीएवढी. घरी येतो तर हात थांबत नाही बघ. हा बघ. पुण्याची नोकरी काय लई मोठी नाही. करिअर-बिरिअर काही नाही. मला भीती वाटते, बास."

"मग हे बोलाले बॉम्ब लागला का तुम्हाला?"

"बायकोला काय सांगायचं, नवरा भितो म्हणून?"

"मी काय भीत नाही?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच तुटला होता. "मला वाटलं या घरात मी एकटीच भिते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की टोपी म्हणजे कोणती टोपी आणि तारा म्हणजे कोणाच्या तारा. मी उठणार तेवढ्यात दार उघडलं आणि वायरीचा माग काढत इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई आत आले. त्यांना तिथे जे दिसलं ते त्यांनी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं असणार. बॉम्बच्या दुसऱ्या टोकाला कानाला हेडफोन लावलेला, डोळ्यांत पाणी आलेला एक मराठी माणूस बसला होता.

निरंजन धावत आले. इन्स्पेक्टरला त्यांनी समजावून सांगितलं, की हा सिनेमा एका कुटुंबातल्या ताणाबद्दल आहे आणि त्याला सरकारचं कर्ज आहे.

"टेंशन की फिल्म?" इन्स्पेक्टर म्हणाले. "उसके लिए सरकार पैसे देती है? हमें तो जी तनख़्वाह के साथ मुफ़्त मिलती है."

मग खात्री करायची म्हणून त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. बाहेर माइक अजून चालू होता. ते काही वेळ तसेच उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले. "यह कौन सा पंछी है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साळुंकी असेल. ते म्हणाले, "हमारे गाँव में भी है." मग उठले, मला मोजून दोन शिव्या दिल्या, दारात येऊन उभ्या राहिलेल्या ग्रेवालजींना सलाम केला आणि निघून गेले. ग्रेवालजी पुढचे दोन दिवस माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते.

दुपारी निरंजनना पक्षी ऐकायचे होते. मी टेप पुढे सरकवून द्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी मध्येच थांबवली आणि पहिल्या धापेपासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. महिनाभर हा माणूस ज्या एका गोष्टीसाठी नटांच्या डोक्याशी कटकट करत होता, ती त्याच्या कानात ओतली जात होती, आणि बोलणारी त्याची सख्खी मावशी होती.

त्यांनी हेडफोन काढले. "खरं सांगू?" ते म्हणाले. "फार मेलोड्रामा आहे. खरी माणसं असं बोलत नाहीत."

मी टेप मागे फिरवायला लागलो.

"पक्षी छान आहेत. हे दोन आवाज काढता येतील?"

"नाही."

"मग पक्षी उद्या परत घ्या. आणि या टेपवर रूम टोन घेऊन टाका, कोरी टेप एकच उरलीय."

रूम टोन म्हणजे खोलीची शांतता. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलन करताना दोन वाक्यांच्या मध्ये कोरी टेप जोडली तर कानाला खड्डा पडल्यासारखं होतं, म्हणून त्या त्या खोलीची शांतता वेगळी टेप करून ठेवतात आणि खड्ड्यात भरतात. त्यासाठी सगळ्यांनी असतील तिथे तीस सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. पडद्यामागच्या माणसांना खोकला नेमका तेव्हाच येतो.

शेवटच्या दिवशी हॉलची रूम टोन घेतली. घड्याळ थांबवलं, फ्रिज बंद केला, किल्ली विरजणाशेजारी ठेवली. शिंत्र्यांचं घर निरोपाला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं होतं, डॉक्टर, काकू आणि मागे गौरी. मी त्यांनाही हलू नका म्हणून सांगितलं. सगळे थिजले. मी टेप सुरू केली आणि रेकॉर्डरच्या काट्यावर डोळे ठेवले. डॉक्टर गच्चीत उभे राहतात ते, घाम, गोळ्या लागलेली पोरं, ते सगळं त्या टेपवर होतं आणि इंचाइंचाने पुसलं जात होतं. मला वाईट वाटत होतं. मी पगारी माणूस होतो.

मध्यावर कुठेतरी हेडफोनमध्ये किणकिण आली. अगदी बारीक. बांगडी बांगडीला लागते तशी, पण एकदा होऊन थांबली नाही, सुरूच राहिली. काकू पदर सावरत असतील असं मला वाटलं. नियमाप्रमाणे मी हात वर करून "पुन्हा एकदा" म्हणायला हवं होतं. इतर कोणाला ती ऐकूही आली नव्हती. मी हात वर केला नाही. महिनाभर त्या घरात आम्ही घराचे सगळे आवाज बंद करत आलो होतो, एक राहू दे म्हटलं. तीस सेकंद झाले. मी अंगठा दाखवला. गौरीने पहिला श्वास सोडला आणि म्हणाली, "मम्मा यार, आय वॉज डाइंग."

सिनेमा पुरा झाला. तो कुठल्यातरी महोत्सवात दाखवला, आणि थिएटरात लागणार लागणार म्हणत राहून गेला. एका इंग्रजी वर्तमानपत्रात मात्र मोठं परीक्षण आलं. शेवटी आई रिकाम्या हॉलमध्ये उभी असते त्या प्रसंगाबद्दल समीक्षकाने लिहिलं होतं, की तिच्या हातात एकही बांगडी नसताना शांततेत ऐकू येणारी पुसट किणकिण म्हणजे भंगलेल्या विवाहसंस्थेचा पडसाद आहे. निरंजननी ते कात्रण मला पाठवलं. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की ही किणकिण पटकथेच्या पहिल्या खर्ड्यापासून होती.

काही वर्षांनी शेतीवरच्या एका माहितीपटासाठी मी पुन्हा चंडीगडला गेलो. शिंत्रे अजून तिथेच होते. बागेतल्या त्या सकाळनंतर काकू पुण्याला जायला तयार झाल्या होत्या, सामान बांधायलाही घेतलं होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, गौरीची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग काकूंच्या शाळेचं वर्ष पुरं होऊ दे. मग ग्रेवालजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. शेवटी पुण्याला एकटी गौरी गेली, शिकायला, आणि तिकडे जाऊन मराठी बोलायला लागली. मी डॉक्टरांना विचारलं, भीती गेली का? ते म्हणाले, "गेली कुठं? पण आता दोघांत आहे न्हवं."

मी होतो त्याच रविवारी दुपारी टीव्हीवर आमचा सिनेमा लागणार होता. काकूंनी ग्रेवालजींनाही बोलावलं. पहिल्या अर्ध्या तासात ग्रेवालजी झोपले, त्यानंतर डॉक्टर. काकू मात्र आपलं घर बघत होत्या. पडदे कोणते, सोफ्याची खोळ कोणती, ही फुलदाणी आता कुठे आहे. बाप-आई काय बोलतात याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. ते त्यांना खोटं वाटत होतं बहुतेक.

शेवटचा प्रसंग आला. बाप निघून गेला. रिकाम्या हॉलमध्ये आई उभी, हात मोकळे, आणि ती शांतता सुरू झाली. काकू पुढे सरकून बसल्या. किणकिण आली. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं.

"ही तर माझी बांगडी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो काकू. तुम्ही पदर सावरला असणार. मी मुद्दाम ठेवली."

काकूंनी शेजारी खुर्चीत मान टाकून झोपलेल्या डॉक्टरांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी कशाले हलते? तुम्ही हलू नका म्हटलं होतं. यांनी माझा हात धरला होता. थरथरत होता तो त्यांचा हात."